पिकअपचा ब्रेक गरम झाल्यावर दगड होतोय? बूस्टर बदलायच्या आधी हे वाचा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं आणि माझ्या गाडीचं दुखणं एकच आहे का ते लगेच कळेल. गाडी डिझेल पिकअप, ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर पायाला मदत करणारा डबा), आणि व्हॅक्यूम बनवणारा पंप अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या) पाठीला जोडलेला. सकाळी गाडी काढली की ब्रेक झकास. वीस-पंचवीस मिनिटं चालली, इंजिन नीट तापलं, की पेडल जरा जड वाटायला लागायचं, आणि मग गर्दीत किंवा रिव्हर्स घेताना लागोपाठ तीनदा ब्रेक मारला की तिसऱ्याला पायाखाली वीट. गाडी थांबायची, नाही असं नाही, पण सीटला पाठ रोवून पाय ताणावा लागायचा. पंधरा-वीस सेकंद ब्रेकला पाय लावला नाही की परत ठीक. आणि गॅरेजला नेली की मिस्त्री हातातलं काम संपवून येईपर्यंत इंजिन गार झालेलं असायचं आणि ब्रेक परत एकदम मस्त, तो पेडल दाबून माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे.

सव्वा वर्ष हा खेळ चालला. दोनदा बूस्टर बदलला, लायनर टाकले, तीनदा एअर काढली, ब्रेक ऑईल बदललं. दरवेळी "झालं काम, आता काळजी नको", आणि दोन-चार महिन्यांत परत तेच. शेवटी निघालं काय, तर हातभर लांबीचा रबरी पाईप आणि अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह. ते कसं सापडलं ते लिहितोय. डिझेलवर जास्त लिहिलंय कारण मी तेच भोगलंय, पेट्रोल आणि बाकीच्या सिस्टीमबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

सगळ्यात आधी हे बघा की पेडल कडक होतंय का खोल जातंय. "ब्रेक लागत नाही" हे एकच वाक्य लोक दोन्हीसाठी वापरतात आणि मग सल्ले देणारे भलतीकडे जातात. पेडल मऊ, स्पंजसारखं, किंवा हळूहळू तळाला जात असेल तर ते लाईनमधली एअर, लीकेज किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल लाईनमध्ये ढकलतो तो) काम, त्याचा बूस्टरशी संबंध नाही. पेडल वरच्या वर कडक, जोर लावला तरी जेमतेम हलतंय, तर मदत मिळत नाहीये, म्हणजे बूस्टर किंवा त्याला व्हॅक्यूम पोचवणारं काहीतरी. आणि तिसरा प्रकार, पेडल नेहमीसारखंच आहे पण गाडी थांबायला वेळ घेते, तिथे लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेत का, त्यांच्यावर तेल उडालंय का, कॅलिपर (चाकाजवळ लायनर दाबणारा भाग) जाम आहे का ते बघा. पिकअपमध्ये अजून एक भानगड असते, मागच्या ॲक्सलजवळ लोडप्रमाणे मागचा ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह. तो अडकला तर रिकामी गाडी मागून घसरते किंवा भरलेली नीट थांबत नाही, पण त्याने पेडल दगड होत नाही. हे लक्षात ठेवा, माझ्याकडे एकाने त्याच्यावरच बोट ठेवलं होतं.

आता बूस्टर करतो काय, तेही दोन मिनिटं. डबा आहे, मधे रबराचा पडदा म्हणजे डायफ्रॅम. पाय नसतो तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा आत येते, पुढे व्हॅक्यूम तसाच, आणि बाहेरच्या हवेचा दाब पडदा पुढे ढकलतो. त्या दाबाला कमी समजू नका. २५ सेंटीमीटर व्यासाचा पडदा धरला तर क्षेत्रफळ झालं साधारण ४९० चौरस सेंटीमीटर, आणि २० इंच व्हॅक्यूम (हा पाऱ्याच्या इंचात मोजतात) म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ०.७ किलो, गुणाकार केला की ३४० किलोच्या आसपास. एवढं ढकलणारं कोणीतरी तुमच्या पायामागे उभं असतं आणि ते अचानक सुट्टीवर जातं, म्हणून तो धक्का बसतो. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) फुकट मिळतो, डिझेलला ॲक्सिलरेटर हवेवर नाही डिझेलवर चालतो त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम नसतो, म्हणून वेगळा पंप. काही मिस्त्री ह्या पंपाला एक्झॉस्टर म्हणतात, बोलताना गोंधळ नको.

घरच्या घरी, काहीही न उघडता तीन चाचण्या होतात. गाडी सपाट जागेवर, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड.

पहिली, इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईपर्यंत. मग मध्यम जोराने दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं आपोआप खाली गेलं पाहिजे. गेलं तर मदत येतेय. नाही गेलं तर येत नाहीये.

दुसरी, इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पेडल सावकाश, दरवेळी तेवढ्याच जोराने दाबा. पहिल्यांदा खोल जाईल, दुसऱ्यांदा जरा वर, तिसऱ्यांदा अजून वर. असं पायरी-पायरीने वर येणं म्हणजे व्हॅक्यूम साठून राहतोय. पहिल्याच दाबाला कडक, म्हणजे साठा कुठूनतरी निसटला.

तिसरी, इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा आणि ३० सेकंद थांबा. पेडल जागेवर राहिलं पाहिजे. पायाला वर ढकलत असेल तर बूस्टरमध्ये किंवा त्याच्या पाईपवरच्या व्हॉल्व्हमध्ये हवा शिरतेय.

माझी गाडी ह्या तिन्ही चाचण्यांत पास व्हायची. गार असताना. इथेच सगळे फसले, मी पण. चाचणी दोष दिसत असतानाच करायची असते हे शाळकरी पोराला कळेल पण आम्हाला सव्वा वर्ष कळलं नाही. म्हणून पहिलं काम, गाडी पळवून आणा, इंजिन पूर्ण तापू द्या आणि बंद न करता लगेच बोनेट उघडून बसा. फॅन, बेल्ट आणि टर्बोपासून हात लांब.

आता दोष कधी येतो त्यावरून बरंच कळतं, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण गॅरेजमध्ये हा प्रश्न कोणी विचारतच नाही, पेडल दाबतात आणि निदान करतात. लागोपाठ दाबल्यावरच कडक होतं आणि थोडं थांबल्यावर ठीक होतं, म्हणजे व्हॅक्यूम बनतोय पण परत भरायला वेळ लागतोय: पंप थकलाय, पाईप चोंदलाय किंवा बेल्ट सरकतोय. फक्त स्लोवर कडक आणि रेस दिली की ठीक, तर पंप किंवा बेल्टकडे आधी बघा, विशेषतः एसी आणि हेडलाईट लावल्यावर बिघडत असेल तर, कारण पंप अल्टरनेटरवर आहे आणि अल्टरनेटरवर लोड आला की ढिला बेल्ट घसरतो. गार असतानाच कडक आणि तापल्यावर ठीक, हे रबर आखडल्याचं लक्षण असू शकतं, पाईपवरच्या व्हॉल्व्हचं किंवा ग्रोमेटचं (बूस्टरच्या तोंडावरच्या रबरी कडीचं). सतत कडक, गार-गरम काही फरक नाही, तर पाईप निघालाय, फाटलाय किंवा बूस्टर खरंच गेलाय. पेडल दाबल्या दाबल्या पायाशी फुस्स असा सलग आवाज येतो आणि पाय धरून ठेवला तरी थांबत नाही, तर बूस्टरवर संशय घ्या. दाबताना क्षणभर हलका फुस्स येणं मात्र नॉर्मल आहे, ती आत येणारी हवा, त्याला घाबरून कोणी बूस्टर बदलू नका.

आणि ब्रेकबरोबर अजून काय बिघडलंय ते बघा. डिझेलमध्ये हाच व्हॅक्यूम बारीक नळ्यांनी इतर ठिकाणी पण जातो, गाडीप्रमाणे टर्बो कमीजास्त करणारा ॲक्च्युएटर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), फोर व्हील ड्राईव्ह लावणारा डबा. ब्रेक कडक आणि त्याच दिवसापासून गाडीला ओढ नाही, असं असेल तर बूस्टर सोडा आणि त्या बारीक नळ्या तपासा, एखादी उंदराने कुरतडलेली किंवा सांध्यातून निघालेली सापडेल. एक-एक नळी काढून तिचं तोंड बंद करायचं आणि ब्रेक बघायचा, ज्या नळीला ब्रेक सुधारला तीच चोर. हे काम कंटाळवाणं आहे पण फुकट आहे.

मी मात्र ह्यातलं काही करायच्या आधी बूस्टर बदलला होता. पहिल्या वेळी चार महिने ब्रेक सुंदर चालला, त्यामुळे बूस्टरच खराब होता ह्याची खात्रीच पटली. परत बिघडला तेव्हा नवीन बूस्टर डुप्लिकेट निघाला असं ठरलं, अजून एक टाकला, तो दोन महिने. तिसऱ्यांदा बूस्टर आणायला निघालो तेव्हा दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीने विचारलं, "व्हॅक्यूम मोजला का?" मी म्हटलं मोजला, फुल आहे. त्यावर तो म्हणाला, "किती आहे ते नका सांगू, किती वेळात भरतो ते सांगा." मला उत्तर नव्हतं.

तर गेज. व्हॅक्यूम गेज साधं असतं, ० ते ३० इंच पाऱ्याचे आकडे. टी (तीन तोंडांचा जोड) लावून ते पाईप आणि बूस्टरच्या मधे बसवायचं, म्हणजे बूस्टरच्या तोंडाशी, पंपाशी नाही. पंपाशी लावलं तर पंप काय देतोय ते कळतं, बूस्टरला काय मिळतंय ते नाही. डिझेल गाडीचा चांगला व्हॅक्यूम पंप २४-२६ इंचांपर्यंत ओढतो, निरोगी पेट्रोल इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच देतं. हे आकडे समुद्रसपाटीच्या आसपासचे, उंचावर दर ३०० मीटरला साधारण एक इंच कमी धरा, नाहीतर डोंगरावर उभं राहून चांगल्या पंपाला शिव्या द्याल.

गेज लावून गाडी फिरवून आणली. तापलेल्या इंजिनावर स्लोवर काटा २५ ला. फुल. हेच आधीच्या मिस्त्रीने बघितलं होतं आणि पंप, पाईप दोन्ही ओके म्हणून बूस्टरवर शिक्का मारला होता. आता पेडल दाबून सोडलं, काटा १९ ला आला. लगेच दुसऱ्यांदा, १३. तिसऱ्यांदा, ८ आणि पाय दगडावर. मग पाय काढून घड्याळ बघत बसलो. काटा वर यायला लागला पण कसा, मुंगीच्या पावलाने. ८, ९, ९, १०... २० च्या वर जायला वीस सेकंद लागले. काटा शेवटी २५ ला पोचतोच, म्हणून नुसता आकडा बघणारा फसतो. नळाला चिखल अडकलाय पण बादली रात्रभरात भरतेच, तसला प्रकार.

म्हणजे गळती नाही, गळती असती तर काटा २५ ला पोचलाच नसता. एकतर पंप गरम झाल्यावर दमतोय किंवा वाट अरुंद झालीय. पंप गरम झाल्यावर दमू शकतो, त्याच्या आत पाती असतात आणि इंजिन ऑईल त्यांना सील करतं, ऑईल तापून पातळ झालं आणि पाती झिजलेल्या असल्या की ओढ कमी होते. त्यात पंपाला ऑईल देणारी बारीक नळी चोंदली असेल तर अजूनच. पण पंप बदलणं म्हणजे बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर खाली उतरवणं, म्हणून आधी सोपं काम केलं, पंप ते बूस्टर तात्पुरता दुसरा चांगला पाईप लावला, व्हॉल्व्हसकट, आणि गाडी परत तापवली. तीनदा दाबलं, काटा खाली आला आणि पाय काढल्यावर दोन-तीन सेकंदांत झटकन वर. संपलं. पंप निर्दोष.

जुना पाईप बाहेरून बघितला तर काही नाही. चीर नाही, फुगा नाही, क्लिपा घट्ट. हाताने दाबला तर एका जागी जरा लिबलिबीत लागत होता, बाकी पाईप टणक आणि तिथे चार बोटं लांबीचा भाग मेलेल्या मांसासारखा. ब्लेडने उभा कापला. आतलं रबर मूळच्या पाईपपासून सुटलं होतं, एका बाजूने, आणि जिभेसारखी पट्टी आत लोंबत होती. सगळं काळ्या ऑईलने चिकट. गार असताना ती जीभ कडक असायची आणि बाजूला चिकटून राहायची, तापली की मऊ पडायची आणि व्हॅक्यूमने ओढली जाऊन भोक बंद करायची. मी ती जीभ बोटाने उघडझाप करून बघत बसलो दहा मिनिटं, सव्वा वर्षाची पायदुखी होती ती. आणि आता कळलं की दरवेळी बूस्टर बदलल्यावर ब्रेक का सुधारायचा. बूस्टर काढताना पाईप निघायचा, परत लावताना थोडा पिळला जायचा, जीभ बाजूला सरकायची. गुण बूस्टरला गेला, काम पाईप हलवल्याने झालं होतं.

हे सगळ्यांसाठी सांगतो, कुठलाही पार्ट बदलून दुखणं गेलं तर त्या पार्टबरोबर अजून काय काय हललं, निघालं, परत लागलं ते पण बघा, नाहीतर माझ्यासारखं दोन बूस्टर अंगावर पडतात.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण पाईपमध्ये ऑईल आलं कुठून हा प्रश्न राहतोच. नुसता पाईप बदलला असता तर काही महिन्यांनी नवीन पाईपची पण तीच गत. पाईपच्या पंपाकडच्या टोकाला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह होता. त्याचं काम हवेला बूस्टरकडून पंपाकडे जाऊ देणं, उलट नाही. इंजिन बंद केलं की बूस्टरमध्ये व्हॅक्यूम अडकून राहिला पाहिजे. माझा व्हॉल्व्ह कचऱ्याने अर्धवट उघडा अडकला होता, त्यामुळे इंजिन बंद केलं की बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम उलटा पंपाकडून हवा ओढायचा आणि त्या हवेबरोबर पंपातलं ऑईल. दररोज थोडं थोडं. साध्या रबराला मिनरल ऑईल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, थर सुटतात. वर पाईप पूर्वी कधीतरी इंजिनचं काम झाल्यावर टर्बोच्या जवळून बांधलेला होता, म्हणजे भाजणं पण सुरूच.

आणि ह्याचं लक्षण मला रोज दिसत होतं. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी पाय ठेवला की पेडल कडक. मला वाटायचं रात्रभर उभी होती, असणारच. चांगल्या गाडीत इंजिन बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी सुद्धा पहिला ब्रेक मदतीसकट मिळाला पाहिजे, एक-दोन दाब तरी. दुसऱ्या चाचणीत मी इंजिन बंद केल्या केल्या पेडल दाबत होतो म्हणून पास होत होतो, दहा मिनिटं थांबून दाबलं असतं तर तिथेच पकडला गेला असता. तुम्ही थांबून करा.

व्हॉल्व्ह तपासणं अगदी सोपं. काढायचा, साफ पुसायचा, बूस्टरकडच्या तोंडाने फुंकायचं, हवा गेली पाहिजे. पंपाकडच्या तोंडाने फुंकायचं, अजिबात गेली नाही पाहिजे, थोडीशी पण नाही. व्हॉल्व्हच्या अंगावर बाण असतो, बाणाचं टोक पंपाकडे किंवा इंजिनकडे. उलटा बसवला तर मदत शून्य, आणि हे लोक करतात, हसू नका. काही गाड्यांत व्हॉल्व्ह पाईपच्या आतच असतो, बाहेरून दिसत नाही, तिथे नुसता पाईप म्हणून साधा तुकडा लावला की व्हॉल्व्हच गायब. काहींत तो बूस्टरच्या तोंडावर रबरी ग्रोमेटमध्ये असतो, त्या ग्रोमेटला चीर गेली तरी हवा शिरते.

पाईप घेताना ब्रेकच्या व्हॅक्यूमचाच घ्या. डिझेलचा, पाण्याचा, कॉम्प्रेसरचा कुठलाही मिळता-जुळता लावायचा मोह होतो, ते पाईप आतून बाहेर दाब सहन करायला बनवलेले असतात, बाहेरून आत नाही, व्हॅक्यूमने चपटे होतात. पंपवाल्या डिझेलला ऑईल सहन करणारा हवा. आतलं भोक मूळच्या पाईपएवढंच, वळणावर मोडणार नाही असा, आणि गरम भागापासून लांब बांधलेला.

गळती शोधताना एक चूक खूप जण करतात, साबणाचं पाणी. टायरच्या पंक्चरला ठीक आहे, तिथे हवा बाहेर येते म्हणून बुडबुडा येतो. इथे हवा आत जाते, पाणी आत ओढलं जाईल, बुडबुडा येणार नाही आणि तुम्ही म्हणाल गळती नाही. त्यापेक्षा हातभर नळीचा तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं पाईपच्या सांध्यांवरून फिरवा, जिथे शीळ ऐकू येते तिथे गळती. फॅन-बेल्टपासून नळी सांभाळून.

आता बूस्टर खरंच गेलाय हे कसं ओळखायचं, कारण तो जातोच नाही असं माझं म्हणणं नाही. त्याच्या तोंडाला हँड पंप लावून २० इंचांवर ओढा आणि बघा. काटा घसरत असेल तर डायफ्रॅम किंवा मागचं सील गेलं. पेट्रोल गाडीत अजून एक खूण, पेडल दाबून धरलं की इंजिन अडखळतं, कारण फाटक्या डायफ्रॅममधून फुकटची हवा मॅनिफोल्डमध्ये शिरते. आणि ब्रेक ऑईल कमी होतंय पण कुठेच थेंब दिसत नाही, असं असेल तर मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून तो बूस्टरपासून जरा पुढे ओढा, लाईन न सोडता, आणि मधे बघा. ओलं असेल तर मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळतंय आणि ऑईल बूस्टर पितोय. तिथे नुसता बूस्टर बदलला तर नवीन पण बुडणार, दोन्ही एकदम करा.

बूस्टर बदलला तर पुश रॉडची (बूस्टरमधून मास्टर सिलिंडर ढकलणाऱ्या दांडीची) लांबी जुळवलीच पाहिजे. नवीन बूस्टरचा रॉड जुन्यापेक्षा किंचित लांब असेल तर मास्टर सिलिंडर पूर्ण मागे येत नाही, ब्रेक धरून राहतात, तापतात, आणि चाकाला हात लावला की चटका. आखूड असेल तर पेडलचा वरचा भाग मोकळाच जातो. माझ्या दुसऱ्या बूस्टरला हेच झालं होतं, पुढची चाकं तापायची, त्याचं खापर कॅलिपरवर फुटलं.

पेट्रोलवाल्यांनी गेज लावून स्लोवर आकडा कमी आला तर आधी इंजिनकडे बघावं, मॅनिफोल्डची गळती, टायमिंग, सायलेन्सर चोंदणं, ह्या सगळ्याने व्हॅक्यूम कमी होतो आणि ब्रेक बिचारा बदनाम. काही नवीन गाड्यांत इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप असतो, तिथे फ्यूज आणि रिले आधी.

काही मोठ्या पिकअपमध्ये बूस्टर व्हॅक्यूमवर नसून पॉवर स्टिअरिंगच्या ऑईलच्या दाबावर चालणारा असतो. ओळखायला सोपा, मोठा गोल डबा नसतो, स्टिअरिंगचे जाड पाईप ब्रेकपर्यंत आलेले दिसतात. तिथे ब्रेक कडक आणि स्टिअरिंग पण जड, म्हणजे स्टिअरिंगचा पंप, बेल्ट किंवा ऑईल कमी. स्टिअरिंग ठीक आणि फक्त ब्रेक कडक, तर बूस्टर. इंजिन बंद केल्यावर लगेच एक-दोन मदतीचे ब्रेक मिळत नसतील तर दाब साठवून ठेवणारा अ‍ॅक्युम्युलेटर गेलेला असतो. तो दाब भरलेला असतो, घरी उघडायच्या भानगडीत पडू नका.

आणि हे सगळं शोधेपर्यंत गाडी चालवावीच लागली तर. खरं तर चालवू नका, निदान हौदा भरून तर नाहीच. तरी चालताना मदत गेलीच, तर पेडल पंप करायचं नाही. मऊ पेडलला पंप करून फायदा होतो, कडक पेडलला पंप केलं की बूस्टरमध्ये उरलेले एक-दोन दाब पण वाया जातात. एकदाच, पूर्ण जोराने, लागले तर दोन्ही पाय, आणि सोडायचं नाही. मदत गेली तरी ब्रेक गेलेला नसतो, फक्त जोर तुमचा एकट्याचा लागतो. गिअर एक-एक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नाही. इंजिन बंद करू नका आणि चावी तर अजिबात काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

माझ्या गाडीत नवीन पाईप आणि नवीन व्हॉल्व्ह घातला, पाईप टर्बोपासून लांबून नेला. जुना पाईप लावलेलं बूस्टरचं तोंड कापडाने पुसलं तर कापड काळं झालं, बूस्टर काढून उलटा केला तर आतून चार-पाच थेंब पडले. तो फेकायचा का ठेवायचा ह्यावर बरीच चर्चा झाली, हँड पंप लावून बघितला, काटा हलला नाही, ठेवला. ऑईलने त्याचं रबर पण फुगू शकतं म्हणून महिन्यातून एकदा गेज लावून बघतो. ह्याला आता नऊ महिने झाले, तापलेल्या इंजिनावर तीनदा दाबून सोडलं की काटा दोन-तीन सेकंदांत वर येतो.

परवा अडगळ आवरताना आधी काढलेले दोन्ही बूस्टर सापडले, कंपनीतून आलेला आणि त्याच्या जागी टाकलेला "डुप्लिकेट". सहज हँड पंप लावला. दोघांनाही २० इंचांवर ओढलं आणि दहा मिनिटं बाजूला बसून राहिलो. दोघांचाही काटा तिथेच.